दुष्काळनिधी, चर्च आणि हिशेब : देणगी देण्यापूर्वी



सुदानमधल्या झमझम छावणीत दुष्काळ पडल्याचे ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाले. अशी बातमी आली की आपल्या क्लेटनमध्येही ऑफिसात, शाळेत, देवळात, चर्चमध्ये मदतीची आवाहने होतात. द्यायचे तर सगळ्यांच्याच मनात असते, पण कोणाच्या हाती द्यायचे? म्हणून ही माहिती एकत्र करून देत आहोत.

संसदेत काय झाले?

मार्च २०२३ मध्ये टास्मानियाचे अपक्ष खासदार अँड्र्यू विल्की यांनी हिलसाँग चर्चविषयीची कागदपत्रे संसदेत सादर केली. भाविकांच्या देणग्या चैनीच्या प्रवासावर आणि भेटवस्तूंवर खर्च झाल्या, असा त्यांचा आरोप होता. हे आरोप संदर्भ सोडून केलेले आहेत, असे चर्चचे म्हणणे पडले. संसदेतल्या भाषणाला कायद्याचे संरक्षण असते, त्यामुळे भाषण म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. पण धार्मिक संस्थेने हिशेब कोणाला द्यायचा, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा पुढे आला.

कायदा काय सांगतो?

डिसेंबर २०१२ पासून इथल्या धर्मादाय संस्थांवर एसीएनसी या सरकारी आयोगाची देखरेख आहे. मात्र 'बेसिक रिलिजस चॅरिटी' या वर्गातल्या संस्थांना वार्षिक आर्थिक अहवाल देण्यातून सूट आहे. कंपनी किंवा इन्कॉर्पोरेटेड असोसिएशन म्हणून नोंदलेल्या संस्थेला ही सूट मिळत नाही. महाराष्ट्रात मात्र १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या गावच्या देवस्थानालाही धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावा लागतो.

परदेशी मदतीचे नियम वेगळे आहेत. जुलै २०१९ पासून देशाबाहेर पैसे पाठवणाऱ्या किंवा काम करणाऱ्या धर्मादाय संस्थांना नोंदी ठेवणे, गैरव्यवहार रोखणे आणि दुर्बल व्यक्तींचे रक्षण करणे बंधनकारक आहे. इथे धार्मिक संस्थांनाही सूट नाही.

देण्यापूर्वी एवढे पाहा

१. एसीएनसीच्या वेबसाइटवर संस्थेचे नाव शोधा. नोंदणी चालू आहे का, ते विनामूल्य कळते.
२. आर्थिक अहवाल आहे का ते पाहा. वर्षाला ५ लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या संस्थेला तो देणे सक्तीचे नाही. त्यामुळे अहवाल दिसला नाही म्हणजे घोटाळाच, असे समजू नये. सरळ मागून पाहावा.
३. टॅक्समध्ये वजावट हवी असेल तर संस्थेला डीजीआर मान्यता आहे का, ते एबीएन लुकअपवर तपासा. २ डॉलर किंवा त्याहून जास्त देणगीची पावती जपून ठेवा. चर्चच्या किंवा देवळाच्या साध्या दानपेटीत टाकलेल्या पैशांवर सहसा वजावट मिळत नाही.
४. पैसे कोणत्या देशात, कोणत्या स्थानिक संस्थेमार्फत जातात, हे विचारा.

हे विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली पुणे जिल्ह्यात आणल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांचा सांभाळ झाला, आणि त्यासाठी परदेशी ख्रिस्ती देणगीदारांचेही पैसे आले. म्हणजे सातासमुद्रापलीकडच्या मदतीवर आपल्याच मातीतली माणसे जगली आहेत. आज देणाऱ्यांच्या बाजूला आपण आहोत. दिलेला डॉलर उपाशी माणसाच्या ताटापर्यंत पोहोचतो का, हे पाहणे हा त्या दानाचाच एक भाग आहे.

आपल्या मंडळाने कधी दुष्काळनिधी गोळा केला, तर हेच चार प्रश्न आम्हालाही जरूर विचारा.