अपघाताचा क्लेम आणि आदिवासींची जमीन : अक्कलकुव्याला कसा वकील हवा?

मे १९९४ मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील एका भिल्ल तरुणीला घरात घुसून मारहाण झाली आणि तिला विवस्त्र करून गावातून फिरवण्यात आले. खटला चालला आणि १९९८ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना दंड संहितेखाली तसेच अॅट्रॉसिटी कायद्याखाली दोषी ठरवले. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने दंड संहितेची कलमे कायम ठेवली, पण अॅट्रॉसिटीचे कलम काढून टाकले. त्यासाठी कारणे दोन होती. पीडितेचा जातीचा दाखला न्यायालयात सादर झाला नव्हता, आणि तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याने केला नव्हता.

५ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'कैलास विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालात आरोपींचे अपील फेटाळले. न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी आदिवासी हेच या देशाचे मूळ रहिवासी असल्याचे सविस्तर मांडले, एकलव्याच्या अंगठ्याची आठवण करून दिली आणि उच्च न्यायालयाची ती दोन कारणे अतितांत्रिक असल्याचे म्हटले. शिक्षा वाढवण्यासाठी राज्य सरकारने अपीलच केले नाही, याचेही न्यायालयाला आश्चर्य वाटले. मात्र गेलेले अॅट्रॉसिटीचे कलम परत लागले नाही. आदिवासींच्या बाजूने इतका गौरवाचा निकाल क्वचितच आला असेल, आणि त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तहसील कचेरीत मिळणाऱ्या एका कागदावाचून हातची गेली होती.

खैरलांजीच्या खटल्यातही अॅट्रॉसिटी लागली नाही, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. म्हणून हा लेख मोठ्या निकालांपेक्षा खालच्या कोर्टात साक्षीपुरावा चालवणाऱ्या अनुभवी वकिलाच्या कामाविषयी आहे. उदाहरण म्हणून आम्ही अक्कलकुवा तालुका घेतला आहे. नंदुरबार जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे आणि १९८५च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अक्कलकुवा तालुका पूर्णपणे पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात आहे. इथल्या माणसाचे कोर्टाशी नाते बहुतेक दोनच कारणांनी जडते. अंगाला इजा होते, नाहीतर जमीन जाते.

अमेरिका-कॅनडात ही दोन्ही कामे एकाच वकिलाकडे असणे नवलाचे नाही. कॅनडातील पीटर ग्रँट हे 'डेल्गामूक' या जमिनीच्या खटल्यात गित्क्सान आणि वेत्सुवेतेन या मूळनिवासींच्या वकिलांपैकी एक होते. पुढे निवासी शाळेत अत्याचार सोसलेल्या मूळनिवासींच्या भरपाईचा 'ब्लॅकवॉटर विरुद्ध प्लिंट' हा खटलाही त्यांनी लढवला. डेल्गामूकची सुनावणी खालच्या न्यायालयात ३७४ दिवस चालली. जमातीच्या वडीलधाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला इतिहास साक्षीत सांगितला, काही भाग गाऊन दाखवला. १९९१ मध्ये त्या न्यायाधीशाने या साक्षीला फारशी किंमत दिली नाही. पण ती नोंदली गेली होती, म्हणूनच ११ डिसेंबर १९९७ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाला मौखिक इतिहासही पुरावा म्हणून तोलला पाहिजे असे सांगता आले. रेकॉर्डवर आलेच नाही ते वरच्या कोर्टात सहसा उभे करता येत नाही.

हे आपल्याला नवीन नाही. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७चा, पण त्यानंतरचा दिवाणी दावा दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघाला. अस्पृश्यांना पाणी बंद ठेवण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, हे वादींना पुराव्याने सिद्ध करता आले नाही, त्यावर तो निकाल उभा आहे. आपण २० मार्च साजरा करतो. बाबासाहेबांनी त्या दाव्यात दिलेली लेखी कैफियत मात्र फार थोड्यांनी वाचली आहे.

अपघात : पिकअपमधला माणूस

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता अक्कलकुव्यातून जातो आणि वर मोलगीकडे घाट लागतो. एसटी कमी असल्याने बाजाराला, लग्नाला, यात्रेला माणसे पिकअपमध्ये उभी राहून जातात. ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जाताना ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉली असते. गाडी उलटली की पहिला कायदेशीर पेच इथेच पडतो. मालवाहू गाडीत फुकट किंवा भाडे देऊन बसलेल्या प्रवाशासाठी विमा कंपनी जबाबदार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३च्या आशा राणी प्रकरणात ठरवले. मग भरपाई एकट्या गाडीमालकाकडून वसूल करायची, आणि तो बहुतेक वेळा एका जुन्या गाडीचा धनी असतो.

अनुभवी वकिलाचा उपयोग इथे दिसतो. १९९४च्या दुरुस्तीनंतर मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी विम्याच्या कक्षेत येतो. जखमी माणूस आपली कोंबडी, महू किंवा धान्य घेऊन बाजारला निघाला होता का, हे पहिल्या जबाबात आणि पंचनाम्यात आले पाहिजे. आठ महिन्यांनी वकिलाने ते सुचवले तर कोर्ट विश्वास ठेवत नाही, आणि ठेवू नये. जे खरे आहे तेवढेच, पण त्याच दिवशी लिहून घ्यावे. दुसरा मार्ग म्हणजे विमा कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि नंतर मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश मागणे. बलजित कौर प्रकरणात (२००४) सर्वोच्च न्यायालयाने तसा आदेश दिला होता. तो प्रत्येक वेळी मिळेलच असे नाही, पण मागितल्याशिवाय तर मिळतच नाही.

भरपाईचे गणित कार्यकर्त्याला यायला हवे. २४ वर्षांचा ऊसतोड मजूर आहे आणि महिन्याची कमाई १०,००० रुपये धरली, तर वर्षाचे १,२०,००० होतात. प्रणय सेठी निकालानुसार (२०१७) चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी किंवा ठरावीक पगारावरील माणसासाठी पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, म्हणजे १,६८,०००. सरला वर्मा निकालातील (२००९) तक्त्याप्रमाणे या वयाला १८ने गुणायचे. बेरीज ३०,२४,००० येते. आता त्याचा पाय गेला आणि सरकारी दवाखान्याने ४० टक्के अपंगत्वाचा दाखला दिला. वकील फक्त दाखला जोडून गप्प बसला तर १२,०९,६०० रुपये होतात. पण राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शरीराचे अपंगत्व आणि कमाईचे अपंगत्व वेगळे केले आहे. हात तुटलेला कारकून काम करू शकतो, सुतार करू शकत नाही. एका पायावर उसाच्या फडात उभे राहता येत नाही, हे डॉक्टरच्या साक्षीतून आणि मुकादमाच्या उलटतपासातून कोर्टापुढे आणले आणि कोर्टाने कमाईचे नुकसान ९० टक्के धरले, तर तीच रक्कम २७,२१,६०० होते. माणूस तोच, पाय तोच. दोन आकड्यांत पंधरा लाखांचा फरक आहे. ही वाढीव ४० टक्क्यांची बाब जखमींनाही लागू आहे, फक्त मृतांना नाही, हे २०२०च्या पप्पू देव यादव निकालाने स्पष्ट केले आहे.

मजुराकडे पगाराची पावती नसते म्हणून क्लेम पडतो, हा समज खोटा आहे. सय्यद सादिक प्रकरणात (२०१४) भाजी विकणाऱ्या तरुणाकडे कमाईचा कागद नव्हता. तरी सर्वोच्च न्यायालयाने महिना ६,५०० रुपये उत्पन्न धरले.

मुदतीचे मात्र सांभाळावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून अपघात दाव्याला सहा महिन्यांची मर्यादा आहे. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर थांबू नये. अपघात सुरत जिल्ह्यात झाला तरी दावा अर्जदार राहतो त्या भागातील न्यायाधिकरणात, म्हणजे नंदुरबारला, दाखल करता येतो. ही सोय माहीत नसल्याने किती जणांनी बारडोलीच्या चकरा मारून नाद सोडला असेल! ठोकर मारून गाडी पळून गेली आणि सापडली नाही, तर मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमेला ५०,००० रुपये मिळतात. त्यासाठी उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदाराकडे अर्ज करायचा असतो.

जमीन : जिथे वकिलाला दार बंद

सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे त्यांतले पहिले. १९९४ मध्ये जगभरातील संघटनांनी मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये अशी मागणी केली, त्या जाहीरनाम्याला याच गावाचे नाव आहे. सर्वोच्च न्यायालयात शांती भूषण आणि प्रशांत भूषण यांच्यासारखे वकील आंदोलनाच्या बाजूने उभे होते. १८ ऑक्टोबर २००० रोजी दोन विरुद्ध एक असा निकाल विरोधात गेला, न्या. भरुचा यांचे मत वेगळे होते. त्या निकालाविषयी खूप लिहिले गेले आहे, इथे पुन्हा नको. आमच्या विषयाला धरून एवढेच की पुनर्वसनात कुणाला किती जमीन मिळणार हा प्रश्न शेवटी खातेदार कोण, इथे येऊन थांबे. सातबारा नसलेला, पिढ्यान्‌पिढ्या जंगलजमीन कसणारा माणूस सरकारी नोंदीत अतिक्रमणदार होता.

२००६च्या वनहक्क कायद्याने तो शब्द बदलला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायचा असतो, आणि नियम १३ प्रमाणे दंडाच्या पावत्या, विहीर, बांध, देवस्थान, स्मशान यांबरोबर गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा आहे. कॅनडाने १९९७ मध्ये निकालाने दिले ते आपल्याकडे नियमात छापलेले आहे. तरी कागद नाहीत म्हणून दावे फेटाळले जातात. तसे झाले तर जिल्हास्तरीय समितीवर गोष्ट संपत नाही. मे २०२० मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून अनुसूचित क्षेत्रासाठी विभागस्तरीय समितीकडे अपिलाची तरतूद केली आहे. म्हणून फेटाळल्याचा आदेश कारणांसह लेखी मागून घ्यावा.

मालकीच्या जमिनीचे वेगळे आहे. जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे परवानगीशिवाय जाऊ देत नाही. आणि १९७४चा पुनःस्थापना कायदा १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी आहे. सत्तरच्या दशकात शेजारच्या शहाद्यात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेने गेलेल्या जमिनींसाठी जी चळवळ उभी केली, तिच्याशिवाय या कायद्याचा काळ समजत नाही.

या कायद्यात एक अजब कलम आहे, ९-अ. त्यानुसार जिल्हाधिकारी, आयुक्त किंवा महसूल न्यायाधिकरणासमोर कोणत्याही पक्षाच्या वतीने वकिलाला उभे राहता येत नाही. सावकाराचा वकील तगडा असणार आणि आदिवासीकडे कुणीच नसणार, म्हणून दोघांनाही वकील नको, असा त्यामागचा विचार. १९८४च्या लिंगप्पा पोचन्ना निकालात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याबरोबर हे कलमही वैध ठरवले. हेतू चांगला होता, पण वकील नसला तरी सावकाराकडे शिकलेला मुलगा, ओळखीचा तलाठी आणि जुने फेरफार असतात. वकिलीचा हक्क देणारे अधिवक्ता कायद्याचे कलम ३० हे १५ जून २०११ पासून अमलात आले आहे, त्यामुळे ९-अ आज कितपत टिकते हा प्रश्न कुणा तरुण वकिलाने हाती घेण्यासारखा आहे. तोवर या अर्जांत कार्यकर्त्यालाच फेरफार उतारे १९५७ पासून काढून, तारखा लावून, अर्जदाराच्या हाती द्यावे लागतात.

इजा आणि जमीन या दोन गोष्टी एका कायद्यात एकत्रही येतात. २०१६ पासून अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(ग) खाली आदिवासीला जमिनीवरून बेकायदा हुसकावणे आणि वनहक्काच्या उपभोगात अडथळा आणणे हा गुन्हा आहे. बांधावरच्या मारामारीत फक्त साध्या मारहाणीचे कलम लागले असेल तर आधी हे तपासावे.

वकील निवडताना

वकिलाचे वय किंवा गाडी पाहू नये. त्याने किती खटल्यांत स्वतः उलटतपास घेतला, किती दाव्यांत डॉक्टरला साक्षीला आणले, हे विचारावे. भिलोरी किंवा वसावी समजते का, हेही विचारावे. साक्षीदाराचे बोलणे शिपायाने केलेल्या मराठी भाषांतरात अर्धे हरवते. शक्य तिथे साक्ष साक्षीदाराच्याच भाषेत नोंदवण्याची तरतूद फौजदारी प्रक्रियेत आहे, पण आग्रह धरणारा वकील लागतो.

फीबाबत अमेरिकेतील रीत सांगून इथे फसवले जाते. तिथे भरपाईतला वाटा घेऊन वकील केस लढतो. भारतात वकील परिषदेच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे हे गैरवर्तन आहे. दवाखान्याच्या आवारात टक्क्यावर क्लेमची केस मागणाऱ्या एजंटाला जखमीच्या कोऱ्या कागदावरचा अंगठा देऊ नये. अशिक्षित दावेदाराची मोठी रक्कम मुदत ठेवीत ठेवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने सुसम्मा थॉमस प्रकरणात १९९३ मध्येच सांगितले आहे. वकिलाकडून तसा अर्ज करवून घ्यावा.

पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १९९०च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतील बौद्धांनाही हा हक्क आहे. जमातीच्या बाबतीत धर्माचा प्रश्नच येत नाही. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा, दूरध्वनी १५१००. मोफत मिळालेला वकील नवखा वाटला तर दुसरा मागता येतो. अॅट्रॉसिटीच्या खटल्यात याहून मोठी सोय आहे. १९९५च्या नियम ४(५) नुसार पीडिताची इच्छा असेल तर जिल्हा दंडाधिकारी नामवंत ज्येष्ठ वकील नेमू शकतात आणि त्याची फी सरकार देते. ही मागणी लेखी करावी, पोच घ्यावी, आणि तिच्याबरोबर पहिल्याच दिवशी जातीच्या दाखल्याची प्रमाणित प्रत आणि तपास अधिकाऱ्याच्या दर्जाची विचारणा जोडावी.