पाहुणी, वाग्दत्ता, पत्नी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९९८ सालची गोष्ट. खालाच्या मुलीचं इंग्लंडहून पत्र आलं. नेहमीची खुशाली होती, थंडीची तक्रार होती आणि सोबत पासपोर्टच्या एका पानाची झेरॉक्स होती. मी बी.ए. झालेलो, म्हणून आमच्या घराण्यात इंग्रजी कागद आला की तो माझ्यापुढे ठेवायचा असा रिवाज पडला होता. मग तो विम्याचा असो, कोर्टाचा असो की जहाज कंपनीचा. ‘भाई, या शिक्क्यात लिहिलंय त्याचा नेमका अर्थ कळवा. इथं विचारायला लाज वाटते,’ असं तिनं लिहिलं होतं.

शिक्का छोटासा, मजकूर दोन ओळींचा. सहा महिने राहण्यास परवानगी आहे, नोकरी करण्यास मनाई आहे.

ती गेली होती भावाकडे, पाहुणी म्हणून. तिथं स्थळ आलं. मुलगा तिथलाच, ब्रिटिश नागरिक. निकाह झाला. पण इंग्लंडच्या कायद्याला घरच्या दिवाणखान्यात झालेला निकाह पुरत नाही. रजिस्ट्रारपुढं वेगळं लग्न लावावं लागतं. तेही झालं. मग ‘आता मला पाहुणी समजू नका, पत्नी समजा’ असा अर्ज गेला आणि अर्जासोबत पासपोर्टही गेला. पाठवण्याआधी काढून ठेवलेली ती झेरॉक्स होती. त्या वेळी पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला देश न सोडता असा अर्ज करता येत असे. मात्र येतानाच लग्नाचा बेत होता आणि तो अंमलदारापासून लपवला, असं दिसलं तर प्रकरण अंगाशी येई.

तिचा खरा प्रश्न पुढं होता. आमच्याकडं ती शिवणकाम करायची. अर्ध्या मोहल्ल्याचे सलवार-कुर्ते तिच्या मशिनवर शिवले जात. तिथं शेजारच्या बायकांना हे कळलं आणि कापड घेऊन त्या दारात येऊ लागल्या. पैसे घेतले तर चालेल का? आणि न घेता शिवलं तर?

मी उत्तर पाठवलं, ‘पैसे घेऊ नकोस.’ उत्तर बरोबर होतं, पण अपुरं होतं, हे मला फार उशिरा कळलं. ब्रिटनच्या इमिग्रेशन नियमांत ‘एम्प्लॉयमेंट’ या शब्दाच्या व्याख्येत पगारी काम येतं, बिनपगारी काम येतं आणि स्वतःचा धंदाही येतो. वहिनीचा कुर्ता शिवला तर तो घरचा मामला. पण दहा घरचे कुर्ते फुकट शिवले तर? आणि अर्ज मुदतीत केला असेल तर निकाल लागेपर्यंत राहण्याची मुभा मिळते, पण जुन्या परवान्याच्या अटी तशाच पुढं चालू राहतात. म्हणजे लग्नानं ती पत्नी झाली होती, पण शिक्क्यानं अजून पाहुणीच होती. मधल्या त्या महिन्यांत तिच्या हातांना काम करण्याचा हक्क नव्हता.

त्या पत्रानं माझ्या डोक्यात जो किडा सोडला तो आजतागायत गेलेला नाही. कवितेच्या नादाला लागलेल्या माणसाला शब्दांचं वेड असतं. पाहुणी, वाग्दत्ता, पत्नी हे तीन शब्द एका देशाच्या सरकारनं तीसचाळीस वर्षं कसे तोलले, याचा मी मिळेल तिथून शोध घेत राहिलो.

आरंभी तोलण्याची गरजच नव्हती. १९४८च्या ब्रिटिश नॅशनॅलिटी ॲक्टनंतर भारत-पाकिस्तानातल्या माणसाला ब्रिटनमध्ये जाण्याचा आणि काम करण्याचा मार्ग मोकळा होता. पुरुष जात, चार वर्षं राबत, गावी येत, पुन्हा जात. बायका गावीच असत. मग १ जुलै १९६२ला कॉमनवेल्थ इमिग्रंट्स ॲक्ट लागू झाला आणि कामगारांना व्हाउचर लागू लागलं. गंमत बघा, हा कायदा माणसं कमी यावीत म्हणून केला होता. पण एकदा गेलो तर परत येता येईल की नाही, याची खात्री उरली नाही तेव्हा ये-जा करणारे पुरुष तिथंच थांबले आणि त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतलं. बायकोला आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना व्हाउचर लागत नव्हतं. मुसाफिरांची वस्ती झाली ती अशी.

तेव्हापासून दाराशी दोन वेगळ्या रांगा झाल्या. नवऱ्यामागून येणारी बायको ही सरकारच्या लेखी स्वाभाविक गोष्ट होती. बायकोमागून येणारा नवरा मात्र संशयित होता, कारण तो नोकरी मागणार. १९६९मध्ये राष्ट्रकुल देशांतल्या नवऱ्यांवर बंधनं आली, १९७४मध्ये गृहमंत्री रॉय जेंकिन्स यांनी ती उठवली आणि १९७७मध्ये दिखाऊ लग्नांच्या नावाखाली पुन्हा अटी आल्या. बायकोही काम करते, आमच्या खालाच्या मुलीसारखी चार घरांचे कपडे शिवते, ही गोष्ट त्या हिशेबात कुठंच धरलेली नव्हती.

बाईची रांग सोपी होती म्हणावं, तर १९७९चा जानेवारी आठवावा लागतो. पस्तीस वर्षांची एक भारतीय शिक्षिका लग्नासाठी हीथ्रो विमानतळावर उतरली. ती वाग्दत्ता म्हणून आली होती. नियम असा, की वाग्दत्तेला आधी व्हिसा काढावा लागत नसे, तीन महिन्यांत लग्न केलं की झालं. पत्नीला मात्र येण्यापूर्वीच मंजुरीचा कागद लागे. अंमलदाराला वाटलं, हिचं लग्न आधीच झालेलं असावं आणि कागदाची रांग चुकवायला ही स्वतःला वाग्दत्ता म्हणवते आहे. मग शोध कसा घ्यायचा? तिची कौमार्य तपासणी करण्यात आली. ‘गार्डियन’मध्ये ती बातमी फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी छापून आली, आपल्याकडं संसदेत संतापाची लाट उसळली आणि ब्रिटिश सरकारनं असल्या तपासण्यांवर बंदी घातली. हा एखाददुसरा प्रकार असल्याचं तेव्हा भासवलं गेलं. पुढं दोन अभ्यासकांनी सरकारी दप्तरं चाळली आणि भारतीय उपखंडातल्या कचेऱ्यांत अशा तपासण्यांची निदान ऐंशी प्रकरणं झाल्याचं २०११मध्ये उजेडात आलं. वाग्दत्ता की पत्नी, या एका शब्दासाठी!

आता ज्या खटल्यामुळं मला हा विषय सोडवेना, त्याकडं येतो. नर्गिस अब्दुलअझीझ ही मलावीत जन्मलेली, मूळ भारतीय वंशाची बाई. १९७७च्या डिसेंबरात ती ब्रिटनला आली ती पाहुणी म्हणूनच. पुढं १९७९मध्ये तिला कायम राहण्याची परवानगी मिळाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात एक तरुण पाहुणा म्हणून ब्रिटनमध्ये उतरला. तो पोर्तुगीज नागरिक होता, पण जन्म आपल्या शेजारच्या दमणचा. थोड्याच दिवसांत दोघांची भेट झाली, डिसेंबरात लग्न झालं. आता मला पती म्हणून राहू द्या, असा अर्ज गेला आणि १९८०मध्ये तो फेटाळला गेला. कारण काय? त्या वर्षीच्या नव्या नियमांप्रमाणं बायको स्वतः ब्रिटनमध्ये जन्मलेली हवी, नाही तर तिच्या आईबापांपैकी एक तरी तिथला जन्मलेला हवा. नर्गिस मलावीची. तिच्या जागी पुरुष असता आणि त्यानं बायको आणली असती, तर ही अट लागलीच नसती.

तिच्यासारख्याच आणखी दोघी होत्या, श्रीमती काबालेस आणि श्रीमती बालकंदाली. एकीचा नवरा फिलिपिनो, दुसरीचा तुर्की. तिघींचा खटला स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेला आणि २८ मे १९८५ला निकाल लागला. वांशिक भेदभाव झाल्याचं न्यायालयानं मानलं नाही, पण स्त्री-पुरुष भेदभाव झाला हे मान्य केलं. तिघी जिंकल्या. बाहेर पेढे वाटावेत असा प्रसंग. पण सरकारनं समता आणली ती कशी? नवऱ्यांची वाट सोपी केली नाही. त्याच वर्षी नियम बदलून बायकांची वाट तितकीच अवघड केली. दोन भावंडांत एकालाच गूळ दिला म्हणून तक्रार आली, तर आजीनं दुसऱ्याच्याही हातातला काढून घ्यावा, तसं हे झालं.

त्या काळातला सगळ्यात छळवादी नियम ‘प्रायमरी पर्पज’चा. लग्न खरं आहे, एवढं पटवून भागत नसे. लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये स्थायिक होण्याचा नाही, हे अर्जदारानं सिद्ध करायचं. नसलेली गोष्ट सिद्ध करणं वकिलांनाही जड जातं, तिथं खेड्यातला पोरगा मुलाखतीत काय सिद्ध करणार? आपल्याकडं मुलीचा बाप स्थळ बघताना नोकरी बघतो, घर बघतो. इथं तेच प्रामाणिकपणं सांगितलं, की अर्ज गेला. वडीलधाऱ्यांनी ठरवलेल्या लग्नाचा अर्थच त्या टेबलापलीकडच्या माणसाला लागत नसे. १९९७च्या जूनमध्ये मजूर पक्षाच्या नव्या सरकारातले गृहमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी हा नियम रद्द केला. आमच्या खालाच्या मुलीचं लग्न त्याच्या पुढच्याच वर्षी झालं. दोन वर्षं आधी झालं असतं, तर तिला मी काय कळवलं असतं?

ज्या दारातून ती आत आली ते मात्र फार काळ उघडं राहिलं नाही. २००३मध्ये नियम बदलला आणि सहा महिन्यांच्या परवान्यावर आलेल्यांना ब्रिटनमध्ये बसून पती किंवा पत्नी म्हणून परवाना बदलून घेता येईनासा झाला. परत जा, आपल्या देशातून अर्ज करा, मंजूर झाला तर या. नियमाला एक बाजू आहे, हे मी नाकारत नाही. रांगेत उभं राहून आलेल्यानं मागच्या दारानं आलेल्याकडं बघून चिडावं हे साहजिक आहे. पण रांगेचीही पूजा होऊ लागते. २००८मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढं श्रीमती चिक्वांबा यांचं प्रकरण आलं. त्या झिम्बाब्वेच्या, नवऱ्याला ब्रिटनमध्ये आश्रय मिळालेला, पदरी लहान मुलगी. केवळ तिथून अर्ज करता यावा म्हणून त्यांनी झिम्बाब्वेला परत जावं, असा सरकारचा आग्रह होता. अर्जाची रीत पाळण्यापुरतं संसार मोडायला लावणं गैर आहे, असा निकाल लागला. तरी सर्वसाधारण नियम अजून तोच आहे. पाहुण्याला परवाना बदलता येत नाही. वाग्दत्तेला सहा महिन्यांचा वेगळा व्हिसा काढून जाता येतं आणि लग्नानंतर तिथंच अर्ज करता येतो. पण मधल्या काळात काम करायला तिलाही मनाई आहे.

आणि कामाची बाजू आणखी कडक झाली. १९९६च्या कायद्यानं परवानगीशिवाय कामाला ठेवणारा मालक गुन्हेगार ठरला. २०१६च्या कायद्यानं परवानगी नसताना काम करणं हा स्वतंत्र गुन्हा झाला आणि त्यातून मिळालेली मजुरी जप्त करण्याची सोय झाली. दुसरीकडं जोडीदाराला बोलावायचं तर २०१२पासून वर्षाला १८,६०० पौंडांची मिळकत दाखवावी लागे. एप्रिल २०२४मध्ये ती अट २९,००० पौंडांवर गेली. म्हणजे पाहुणी म्हणून आलेल्या बायकोनं कमवायचं नाही आणि नवऱ्याची कमाई कमी पडली तर तिनं यायचंही नाही. हा हिशेब मी अनेकदा मांडून पाहिला. कागदावर तो बरोबर येतो.

खालाच्या मुलीचा पासपोर्ट सातव्या महिन्यात पोस्टानं परत आला. त्यावर नवा शिक्का होता. बारा महिने राहण्याची परवानगी, आणि नोकरीच्या मनाईचा उल्लेख कुठंच नव्हता. त्या सात महिन्यांत तिनं शेजारणींची कापडं परत पाठवली होती, असं मला वाटत होतं. काही वर्षांनी ती माहेरी आली तेव्हा तिनं एक वही दाखवली. कुणाचं काय शिवलं, कापड किती, माप काय, सारं नीट लिहिलेलं. रकमेचा रकाना मात्र पहिली अकरा पानं कोरा. बाराव्या पानावर पासपोर्ट आल्याची तारीख आणि तिच्याखाली लिहिलं होतं : एक ब्लाऊज, अस्तरासह, चार पौंड.