गवत माजलेल्या परसात भाजीपाला : पहिल्या वर्षी काय करावे

घरामागच्या जागेकडे दोन-तीन वर्षे कोणी पाहिले नाही की तिथे गाजरगवत, हरळी आणि टाकळा कमरेएवढा वाढतो. अंगणवाडीत किंवा बचत गटाच्या बैठकीत परसबाग करायला सांगितले, बियाण्याच्या पुड्याही मिळाल्या, पण जागा अशी आणि भाजी लावण्याची सवय नाही, अशी तुमची अडचण असेल तर ही माहिती तुमच्यासाठी आहे.

योजनेतून काय मिळते?

कागदावर ‘पोषण वाटिका’ असे लिहिलेले दिसेल. ती म्हणजे आपली परसबागच. वेगळे काही नाही. ग्रामीण भागात दीनदयाळ अंत्योदय योजना – राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून बचत गटातील महिलांना परसबागेसाठी मार्गदर्शन केले जाते. महाराष्ट्रात हे अभियान ‘उमेद’ या नावाने चालते, इतर राज्यांत नाव वेगळे असते. 2018 मध्ये सुरू झालेल्या पोषण अभियानातही परसबागेवर भर आहे. दर सप्टेंबरला पोषण महिना असतो, तेव्हा अंगणवाडीत चौकशी करावी.

बियाणे किंवा रोपे मिळतील का, किती मिळतील, हे राज्यानुसार आणि वर्षानुसार बदलते. खात्यात रक्कम जमा होईल असे गृहीत धरून खर्च करू नका. परसबागेचा फॉर्म भरून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देण्याआधी गटाच्या अध्यक्षांना, कृषी सखीला किंवा अंगणवाडी सेविकेला विचारा.

सगळी जागा एकदम साफ करू नका

नवख्या माणसाची पहिली चूक हीच असते. उत्साहात सगळे परस खणून काढले जाते. मातीत वर्षानुवर्षे पडलेले तणाचे बी उघडे पडते आणि पहिल्या पावसानंतर पंधरा-वीस दिवसांत सगळीकडे पुन्हा हिरवे होते. त्याच वेळी शेतातली कामे सुरू असतात. खुरपणी होत नाही, भाजी तणात गुदमरते, आणि ‘आमच्या जागेत काही येत नाही’ असे वाटून बाग सुटते. दोष जागेचा नसतो.

म्हणून पहिल्या वर्षी खाटेएवढे, म्हणजे साधारण सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद असे दोनच वाफे करा. एवढ्या रुंदीत दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो, वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. बाकीचे गवत फुलावर येण्याआधी विळ्याने कापत राहा, म्हणजे नवे बी पडणार नाही.

तण काढताना

काम उन्हाळ्यात, मे महिन्यापर्यंत उरकावे. आधी काठी आपटून गवत हलवा, पायात बूट घाला, दगड किंवा लाकडाखाली सरळ हात घालू नका. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता सरकारी दवाखान्यात जा.

हरळी कापून मरत नाही. कुदळीने खणून तिच्या लांब पांढऱ्या मुळ्या वेचाव्या लागतात आणि उन्हात पूर्ण वाळवाव्या लागतात. तुकडा मातीत राहिला तर तो फुटतो. लव्हाळ्याचे तसेच, फक्त तिथे खाली गाठी असतात. वरचे पाते उपटले की गाठ खालीच राहते. तो एका हंगामात जात नाही. दिसला की खणून काढायचा, एवढाच उपाय. गाजरगवत मात्र सोपे आहे. पावसाने माती ओली असताना, फुले येण्याआधी मुळासकट उपटावे. त्याने अंगाला खाज आणि पुरळ येते, म्हणून हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा. फुललेले गाजरगवत खतात टाकू नका.

गवत जाळू नका. मुळ्या मातीखाली जिवंतच राहतात. घरात खायच्या भाजीच्या जागेत तणनाशकही नको.

आणि सगळेच तण फेकायचे नसते. घोळ, तांदुळजा, कोवळा टाकळा ही भाजीच आहे. ओळख पटली नसेल तर घरातल्या आजींना दाखवा, मगच शिजवा.

काय लावावे?

वाफ्यात दोन-तीन पाट्या चांगले कुजलेले शेणखत मिसळा. पावसाच्या सुरुवातीला एका वाफ्यात माठ आणि अंबाडी, दुसऱ्यात भेंडी आणि गवार. पालेभाजी महिन्याभरात हाती येते, त्यामुळे धीर राहतो. भेंडीला साधारण दीड महिना लागतो. कुंपणाशी दोडका किंवा कारले सोडा. वेल वर चढतो, खुरपायचे आळे तेवढे छोटे. रोपे वीतभर झाली की मधल्या मातीवर वाळलेला पाला पसरा. ऊन पोहोचले नाही की तण कमी उगवते आणि ओलही टिकते.

मावा दिसला तर 50 ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारा. भेंडीची पाने पिवळी आणि शिरांची जाळी ठळक दिसू लागली तर तो विषाणूचा रोग आहे, औषधाने बरा होत नाही. ते झाड उपटून टाका. पांढरी माशी तो शेजारच्या झाडाला नेते.

ऑक्टोबरमध्ये त्याच वाफ्यांत मेथी, पालक, मुळा घ्या. हे दोन वाफे तुमच्याकडून स्वच्छ राहिले असतील, तरच पुढच्या उन्हाळ्यात तिसरा खणायला घ्या.

विचारायचे कोणाला?

जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात रोगट पान घेऊन गेलात तर पाहून सल्ला देतात. जाणे जमत नसेल तर किसान कॉल सेंटरचा टोल फ्री क्रमांक 1800-180-1551 आहे. सकाळी 6 ते रात्री 10 या वेळेत मराठीतही बोलता येते. फोन करताना भाजीचे नाव, लावल्याला किती दिवस झाले आणि पानावर नेमके काय दिसते, हे सांगा.