मध्याह्नीचा विसावा

दुपारच्या जेवणानंतर घटकाभर डाव्या कुशीवर पडण्याला मराठीत वामकुक्षी म्हणतात (वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस), आणि जेवल्यावर शंभर पावले चालून मग डाव्या अंगावर निजावे असा उपदेश थेट सुश्रुतसंहितेत असल्याने शतपावली-वामकुक्षीची ही जोडी निव्वळ पुणेरी चैन ठरत नाही. एरवी आयुर्वेदाला दिवसाची झोप फारशी मान्य नाही. चरकसंहिता ग्रीष्माखेरीज इतर ऋतूंत ती वर्ज्य मानते; मात्र गायन, अध्ययन, ओझी वाहणे किंवा वाटचाल यांनी थकलेल्यांना सूट देते, आणि या यादीत अभ्यासाचा शीण हमालीच्या शिणाशेजारी बसावा, हे लक्षणीय आहे.

जागेपणीचा विसावा माध्याह्नसंध्येत होता. मौंज झालेल्या पुरुषाने त्रिकाळ संध्या करावी असा दंडक असल्याने ऐन दुपारी तो पाटावर बसे, पळीने पंचपात्रातले पाणी तळहातावर घेऊन आचमन करी, नाकपुडी दाबून प्राणायाम करी आणि मग गायत्रीचा जप करी. तेवढा वेळ त्याला हाक मारणे अप्रशस्त समजले जाई, आणि माणसांनी गजबजलेल्या वाड्यात अबोल, एकलकोंड्या प्रकृतीच्या माणसाला याहून बिनबोभाट एकांत मिळणे कठीण होते. धर्मशास्त्राचा हा हेतू नव्हता, हे उघड आहे. शिवाय स्त्रिया आणि मौंजीचा अधिकार नाकारलेला बहुसंख्य समाज या सोयीबाहेरच होता.

मुंबईच्या कापडगिरण्यांत हाच विसावा मागून घ्यावा लागला. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ साली सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांनिशी जे निवेदन तयार झाले, त्यात साप्ताहिक सुटीसोबत दुपारच्या अर्ध्या तासाच्या सुटीचीही मागणी होती, आणि १८९१ च्या कारखाना कायद्याने ती मान्य केली. तथापि हा अर्धा तास घड्याळाचा, सर्वांना एकाच वेळी मिळणारा, आणि म्हणून गर्दीतलाच होता.

पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांहून अधिक काम न देता किमान अर्धा तास विश्रांती देण्याचे बंधन घातले आणि दीडशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात विश्रांतीची व जेवणाची खोली सक्तीची केली. एकट्याने बसण्याच्या जागेचा उल्लेख मात्र त्यात नव्हता.