‘पित्त उठलंय’

सकाळी 7.40. मे महिना, मामांची आमराई. झेल्याची काठी पानाआडच्या पोळ्याला लागली आणि एक गांधीलमाशी मामांच्या मानेवर डसली. एकच. मामांनी ती झटकली, गड्याकडून चुना मागून घेतला, चोळला आणि पुढच्या फांदीकडे वळले. गेल्या पावसाळ्यातही त्यांना अशीच चावली होती. हात कोपरापर्यंत सुजला, दोन दिवसांत उतरला. पहिल्या डंखात शरीर विषाशी वैर धरतं. ते निघतं पुढच्या वेळी.

7.50. तळहात, तळपाय खाजायला लागले. पोटावर, पाठीवर लालबुंद गांधी. “पित्त उठलंय,” आजी म्हणाली. आमच्याकडे गांधी उठल्या की आमसुलाचं पाणी लावायचं, हे ठरलेलं. मामी वाटी घेऊन बसली, मी पंखा लावला. सगळ्यांचे डोळे कातडीवर.

ज्या मास्ट पेशींमुळे कातडीवर गांधी उठतात, त्याच हृदयातही असतात, त्याला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या अगदी कडेला. त्यांनी हिस्टामिन आणि त्याची भावंडं ओतली की चांगली धमनीही आखडू शकते. आत आधीच चरबीचा थर असेल तर तो फाटून गुठळी धरू शकते. निकोलस कौनिस या ग्रीक डॉक्टरांनी 1991 मध्ये हे दुखणं मांडलं. त्यांच्याच नावानं ते ओळखलं जातं. मला हे नाव नंतर कळलं.

8.05. छातीवर दाब. बनियन घामानं चिंब, एक उलटी. “गॅस धरला असेल.” आल्याचा रस दिला.

8.15. शेजाऱ्यांनी सेटिरिझिनची गोळी आणून दिली. खाजेला ती ठीक; घसरत्या रक्तदाबाला तिचा काही उपयोग नाही. लागत होतं ते ॲड्रेनलिन, अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. खरं तर छाती भरून आली तेव्हाच. ब्रिटनमधल्या अशा मृत्यूंच्या एका अभ्यासात डंखापासून हृदय थांबेपर्यंतचा मध्यांक 15 मिनिटं निघाला होता. आम्हाला तर त्याहून कितीतरी जास्त वेळ मिळाला होता.

8.25. रिक्षा. मामांना मधे ताठ बसवलं, दोन्ही बाजूंनी धरलं. अशा माणसाला आडवं झोपवून पाय उंच ठेवायचे असतात. बसवलं की हृदयाकडे परतणारं रक्त आणखी कमी होतं. धरून बसवणाऱ्यांत मी होतो.

9.00. इस्पितळ. वरचा रक्तदाब 70. ईसीजीत हार्ट अटॅक, आणि तो खोटा नव्हता. गांधी एव्हाना फिकट झाल्या होत्या. “माशी चावली हो,” मामी ज्याला त्याला सांगत होती.

9.15. अखेर कुणीतरी तिचं ऐकलं. ॲड्रेनलिन दिलं. पण मामा रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेत, आणि त्या गोळीवर असलेल्यांना ॲड्रेनलिन नीट लागू पडेलच असं नसतं. अशा वेळी ग्लुकागॉन देतात. तिथे ते नव्हतं.

9.20. हृदय थांबलं. पाऊण तास छाती दाबली.

रक्तातलं ट्रिप्टेज पहिल्या काही तासांत मोजलं तर ॲलर्जीचा पुरावा मिळू शकतो. तो नमुना घेतलाच गेला नाही. मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयविकाराचा तीव्र झटका’ एवढंच आहे. गांधीलमाशीचा उल्लेख नाही.