लेबलवर एकच नाव



गिटार हातात घेतलेला प्रत्येक जण पहिल्या दोन-तीन महिन्यांत 'हाउस ऑफ द रायझिंग सन'पाशी येतोच. ए मायनर, सी, डी, एफ. बोटं सोलवटून निघतात, पण वाजायला लागलं की आपण कुणीतरी आहोत असं वाटतं! आमच्या हॉस्टेलच्या लॅनवर या गाण्याची एमपीथ्री होती आणि आर्टिस्टच्या रकान्यात लिहिलं होतं 'द ॲनिमल्स'. गाणं त्यांचंच, असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो.

पुढे नोकरीनिमित्त न्यूकॅसलला आलो. ॲनिमल्स इथलेच. म्हणून सहज वाचायला घेतलं, तर कळलं की माझं लाडकं 'ओरिजिनल' हेच मुळी कव्हर आहे. तेही कव्हरच्या कव्हरचं.

या गाण्याचं सापडलेलं सर्वात जुनं रेकॉर्डिंग १९३३ सालचं, क्लॅरन्स ॲशली आणि ग्वेन फॉस्टर यांचं. पण गाणं जगभर गेलं ते वेगळ्या वाटेनं. १९३७ मध्ये ॲलन लोमॅक्स हा लोकगीतं गोळा करणारा तरुण 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'साठी रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन केंटकीच्या डोंगराळ भागात हिंडत होता. मिडल्सबरो गावात जॉर्जिया टर्नर नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीनं त्याला हे गाणं म्हणून दाखवलं. ती खाणकामगाराची मुलगी. साथीला एकही वाद्य नाही, नुसता गळा. तिच्या गाण्यात आयुष्य वाया गेलेली एक बाई आपली कहाणी सांगते. लोमॅक्सनं १९४१ च्या 'अवर सिंगिंग कंट्री' या पुस्तकात ते छापलं, आणि तिथे जॉर्जियाचं नावही दिलं. हे लक्षात ठेवा.

मग ते न्यूयॉर्कच्या लोकसंगीतवाल्यांत पोचलं. वुडी गथ्री, लेड बेली, जोन बाएझ, सगळ्यांनी गायलं. डेव्ह व्हॅन राँकनं त्याला खाली उतरत जाणारे बेसचे सूर दिले. बॉब डिलननं ती मांडणी उचलून आपल्या १९६२ च्या पहिल्या अल्बममध्ये घातली, आणि व्हॅन राँकची परवानगी मागायला गेला तो रेकॉर्डिंग उरकल्यावर! पुढची गंमत खुद्द व्हॅन राँकनंच लिहून ठेवलीय. त्यानं हे गाणं म्हटलं की लोक म्हणायचे, डिलनचं ढापलंस. शेवटी त्यानं म्हणणं सोडलं. मग ॲनिमल्सची रेकॉर्ड आली आणि लोक डिलनला म्हणायला लागले, ॲनिमल्सचं ढापलंस. त्यानंही सोडलं.

ॲनिमल्सनी ते १८ मे १९६४ ला लंडनमध्ये एका टेकमध्ये रेकॉर्ड केलं. हिल्टन व्हॅलेंटाइनची ती सुटी सुटी छेडलेली गिटार, ॲलन प्राइसचा ऑर्गन, एरिक बर्डनचा खणखणीत आवाज. बाईच्या जागी वाया गेलेला मुलगा आला. सिंगल तीन मिनिटांत आटोपायचा तो जमाना, आणि हे साडेचार मिनिटांचं! तरीही ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या नंबरावर गेलं.

आता खरी मेख. गाणं पारंपरिक, म्हणजे गीतकार-संगीतकार कुणी नाही. अशा वेळी ते हक्काचे पैसे जातात अरेंजरकडे. लेबलवर अरेंजर म्हणून नाव लागलं एकट्या ॲलन प्राइसचं. बाकीच्यांच्या सांगण्यानुसार कारण काय, तर पाच नावं लेबलवर मावत नव्हती! ज्या गिटारवर आपण सगळे शिकलो, त्या व्हॅलेंटाइनचं नाव नाही. आणि १९४१ च्या पुस्तकात असलेलं जॉर्जियाचं नाव तर केव्हाच गळून पडलं होतं. तिच्या हाती नंतर थोडीफार रॉयल्टी आली म्हणतात, पण किरकोळच. १९६९ मध्ये ती वारली.

मला हे लागलं त्याला कारण आहे. पहिल्या नोकरीत आम्ही पाच जणांनी रात्री जागून एक मॉड्यूल उभं केलं होतं. क्लायंटपुढच्या स्लाइडवर नाव एकाचंच. विचारलं तर उत्तर आलं, अरे स्लाइडवर जागा नव्हती.

जॉर्जियानं गाणं 'लिहिलं' असं माझं म्हणणं नाही. तीही कुणाकडून तरी शिकलीच असणार. पण आपण कोड उचलतो तेव्हा आधी कुणी काय लिहिलं त्याची हिस्टरी पुसत नाही ना? गाण्याला मालक नसला तरी हिस्टरी असते.

हे करता येतं, आणि आपल्याकडे झालंय. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्याहून गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 'पारी'वर २०१७ पासून त्या येताहेत, गाणाऱ्या बाईच्या आणि तिच्या गावाच्या नावासकट. ओवी परंपरेची, पण गळा कुणाचा ते नोंदलेलं.

जॉर्जियाचं १९३७ चं रेकॉर्डिंग आजही ऐकायला मिळतं. या वीकेंडला आधी ते ऐका, मग ॲनिमल्सचं. माझ्या फाइलच्या कॉमेंटच्या रकान्यात मी आता सगळी नावं टाकलीत. मावली की!

चूभूद्याघ्या.