दुर्गच्या यादीत भिलाई

छत्तीसगडमधल्या भिलाईच्या नावाचा लोकसभा मतदारसंघ कधीच नव्हता. देशभरच्या रेल्वेगाड्या ज्या रुळांवरून धावतात त्यांतले बहुतेक रूळ या गावाने घडवले, पण मतदार म्हणून त्याची नोंद पहिल्यापासून शेजारच्या दुर्गच्या नावावर आहे. ही नोंद कशी झाली ते पाहायचे तर आधी नागपूर गाठावे लागते.

१९५२ साली पहिली लोकसभा निवडणूक झाली तेव्हा दुर्ग जिल्हा आणि नागपूर एकाच राज्यात होते. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर. दुर्गचे आमदार मुंबई-हावडा मार्गावरची गाडी पकडून तिथे अधिवेशनाला येत. याच दुर्गचे घनश्यामसिंह गुप्त १९३७ पासून १९५२ पर्यंत नागपूरच्या विधानसभेचे अध्यक्ष होते, आणि राज्यघटनेच्या हिंदी भाषांतराच्या समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते. १९४८ मध्ये नांदगाव, खैरागढ, छुईखदान, कवर्धा ही संस्थाने जिल्ह्यात विलीन झाली आणि दुर्ग अफाट पसरला. तेव्हाची भिलाई म्हणजे भातशेतीतले एक खेडे.

एवढ्या मोठ्या जिल्ह्याचे पहिल्या निवडणुकीत तुकडे पडले. तीन मतदारसंघांच्या नावात तो आढळतो: दुर्ग, दुर्ग-बस्तर आणि बिलासपूर-दुर्ग-रायपूर. दुर्गमधून निवडून आले काँग्रेसचे वासुदेव श्रीधर किरोळीकर. म्हणजे पुढे भिलाईचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मतदारसंघाचा पहिला खासदार मराठी आडनावाचा होता. दुर्ग-बस्तरमधून भगवतीचरण शुक्ल गेले.

तिसरा मतदारसंघ आज कुणाच्या आठवणीत नाही, पण मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तीन जिल्ह्यांवर पसरलेला हा मतदारसंघ दोन सदस्यांचा होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. त्या काळी मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले, आणि मतदाराने कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. द्विसदस्य मतदारसंघात हातात दोन मतपत्रिका पडत. त्या दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकाव्या लागत. दोन्ही एकाच पेटीत गेल्या तर एकच मत धरले जाई. अक्षरओळख नसलेला शेतकरी पडद्याआड एकटा उभा राहून काँग्रेसची बैलजोडी शोधतो आणि दोन कागदांचा हिशेब जमवतो, हे चित्र नीट डोळ्यांपुढे आणले की त्या निवडणुकीचे मोल कळते. राखीव जागेवर सतनामी समाजाचे गुरू अगमदास निवडून आले. त्यांच्या निधनानंतर पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी मिनीमाता लोकसभेत गेल्या. छत्तीसगडची पहिली महिला खासदार या हरवलेल्या मतदारसंघाने दिली. १९७२ मध्ये विमान अपघातात निधन होईपर्यंत त्या निवडून येत राहिल्या. द्विसदस्य मतदारसंघांची पद्धत १९६१ मध्ये कायद्याने संपली.

तोवर भिलाईत उलथापालथ झाली होती. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, दहा लाख टनांचा पोलाद कारखाना ठरला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. सेक्टरांच्या आकड्यांनी ओळखली जाणारी नगरी उभी राहिली. केरळ, आंध्र, बंगाल, पंजाब, विदर्भ, सगळीकडून माणसे आली. आपल्या गावाला ते मिनी इंडिया म्हणू लागले. दुर्गच्या मतदार यादीत या सगळ्यांची भर पडत होती, पण १९५७ आणि १९६२ मध्ये निवडून आले ते मोहनलाल बाकलीवालच.

१९६७ मध्ये पुन्हा मराठी नाव आले: विश्वनाथ यादवराव तामस्कर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला तेव्हा त्याच्या विधानसभेतले पहिले विरोधी पक्षनेते हेच होते. नंतर ते काँग्रेसकडून लोकसभेत गेले. दुर्गच्या सरकारी पदव्युत्तर महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. तिथे शिकणाऱ्या किती मराठी मुलांना हा माणूस कोण हे सांगितले जाते, याची चौकशी त्यांच्या पालकांनी जरूर करावी.

तामस्करांनंतर १९७० ची पोटनिवडणूक चंदूलाल चंद्राकर यांनी जिंकली. ते पत्रकार, दिल्लीच्या ‘हिंदुस्तान’ दैनिकाचे संपादक. १९७१, १९८०, १९८४, १९९१ असे ते जिंकत राहिले. मधे १९७७ ला मोहन भैया आणि १९८९ ला पुरुषोत्तम कौशिक यांनी ही साखळी तोडली. पुढे १९९६ पासून २००४ पर्यंत चारही वेळा भाजपचे ताराचंद साहू; शेवटच्या वेळी त्यांनी भूपेश बघेल यांना हरवले.

या यादीत मला खटकते ते हे की कारखान्याच्या फाटकातून वर आलेले कामगारांचे नेतृत्व तिच्यात कुठेच नाही. शंकर गुहा नियोगी याच भिलाईत कामाला होते, नोकरी गेल्यावर त्यांनी दल्ली-राजहराच्या खाणमजुरांची संघटना बांधली, आणि २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत झोपेत त्यांना गोळी घातली गेली. १ जुलै १९९२ रोजी भिलाईच्या पॉवर हाऊस स्थानकात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. नियोगींच्या चळवळीतून जनकलाल ठाकूर आमदार झाले, पण ते डौंडी लोहाराचे, खाणीकडचे. भिलाईतून दिल्लीला कुणी गेले नाही.

याची कारणे नगरीच्या कारभारात आणि मतदारसंघाच्या नकाशात आहेत. नगरीत बराच काळ निवडून आलेली पालिकाच नव्हती. दिवे, पाणी, रस्ते कारखाना पाही आणि बाहेरच्या वस्त्या ‘साडा’ नावाचे विकास प्राधिकरण. महानगरपालिका १९९८ मध्ये आली. जिथे नगरसेवकच नाही तिथे खासदार होण्याची पहिली पायरी कुठून येणार? २००८ च्या फेररचनेत वैशालीनगर हा नवा विधानसभा मतदारसंघ निघाला. तिथल्या पहिल्या आमदार सरोज पांडे तेव्हा दुर्गच्या महापौर होत्या आणि २००९ मध्ये खासदारही झाल्या. महापौर, आमदार, खासदार ही तिन्ही पदे काही काळ एकाच व्यक्तीकडे होती. २०१४ मध्ये ताम्रध्वज साहू यांनी त्यांना हरवले. त्या वर्षी छत्तीसगडमध्ये काँग्रेसला मिळालेली ती एकमेव जागा. २०१९ आणि २०२४ ला भाजपचे विजय बघेल.

आज दुर्ग लोकसभेत नऊ विधानसभा क्षेत्रे आहेत: पाटण, दुर्ग ग्रामीण, दुर्ग शहर, भिलाईनगर, वैशालीनगर, अहिवारा, साजा, बेमेतरा, नवागढ. निखळ शहरी त्यांतली तीनच. चंद्राकर, साहू, बघेल ही नावे का येतात ते यातून उलगडते. ही गावाकडची बळकट नावे आहेत आणि गावांनी त्यांना निवडावे यात गैर काही नाही. गैर आहे ते कारखान्याच्या गावाला स्वतःचा आवाज न मिळणे. ज्या दल्ली-राजहराच्या लोखंडावर भिलाई उभी आहे, तो भाग तर कांकेर मतदारसंघात गेला. खाणीचा खासदार वेगळा, भट्टीचा वेगळा.

आता मतदारसंघांची नवी आखणी होईल तेव्हा भिलाई आणि दुर्ग ही जोडशहरे केंद्रस्थानी धरून मतदारसंघ आखावा आणि त्याच्या नावात भिलाई असावी. तिथल्या मराठी मंडळींनी ही मागणी मतदारसंघ पुनर्रचना आयोगापुढे लेखी मांडावी; जनसुनावणीत कुणालाही हरकत आणि सूचना नोंदवता येते.